खोट्या टोळधाडीत सोडलेला खरा टोळ : व्हीआरमुळे विज्ञान संशोधनात नेमकं काय बदलतंय?

मे २०२०. लॉकडाऊनचे दिवस होते. अशातच मध्य प्रदेशातून आलेली टोळधाड अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत शिरली. काही जण थाळ्या आणि पत्र्याचे डबे बडवत शेतात धावले. टोळ रात्री झाडांवर बसतात, म्हणून कृषी विभागाची पथकं रात्री आणि पहाटे फवारण्या करत होती. प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता : ही धाड उद्या कुठल्या दिशेला जाणार?

त्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतल्या केनियात काही शास्त्रज्ञ याच प्रश्नाच्या एका भागाचं उत्तर शोधत टोळांच्या मागे फिरत होते. तिथून परतल्यावर त्यांनी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत एक वेगळाच खेळ मांडला. एका खऱ्या टोळाभोवती त्यांनी संगणकाने तयार केलेली टोळधाड उभी केली. टोळ खरा, पण त्याच्या आजूबाजूचे सगळे टोळ खोटे.

या कामाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टोळ एकमेकांसोबत कसे चालतात, याचं गेली अनेक वर्षं मान्य असलेलं उत्तर त्यांनी मोडीत काढलं.

व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर, म्हटलं की बहुतेकांना डोक्याला हेडसेट लावून गेम खेळणारी मुलं आठवतात. पण जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये व्हीआर आता एक उपकरण झालंय, सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीसारखं. या उपकरणातून काय दिसतं, आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

टोळधाड तयार कशी होते?

वाळवंटी टोळ एरवी एकलकोंडा असतो. पाऊस चांगला झाला, गवत वाढलं की त्यांची संख्या वाढते. मग खाणं कमी पडू लागलं की उरलेल्या हिरवळीवर सगळे दाटीवाटीने जमतात. मागच्या पायांना इतर टोळांचा सतत स्पर्श होऊ लागला की त्यांच्या शरीरात सेरोटोनिन या रसायनाचं प्रमाण वाढतं आणि काही तासांत त्यांचं वागणं बदलतं. एकमेकांना टाळणारे टोळ एकमेकांकडे ओढले जातात. पुढे त्यांचा रंगही बदलतो.

पिल्लांना पंख नसतात. ती जमिनीवरून एकाच दिशेने चालत निघतात. लाखो पिल्लांची अशी फौज वाटेतलं सगळं फस्त करत जाते. पंख फुटले की तीच फौज आकाशात उडते. विदर्भात आली ती ही उडणारी धाड.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार एक चौरस किलोमीटरच्या धाडीत ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. एवढी धाड एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांना पुरेल इतकं खाते. वाऱ्याची साथ मिळाली तर ती दिवसाला शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कापते.

म्हणूनच धाडीला रोखण्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पिल्लं जमिनीवर चालत असतात तो काळ. आणि त्यासाठी कळायला हवं की ही लाखो पिल्लं कुठल्याही नेत्याशिवाय एकाच दिशेला वळतात कशी.

जुनं उत्तर काय होतं?

या प्रश्नाचं पहिलं देखणं उत्तर भौतिकशास्त्रातून आलं. हंगेरीचे शास्त्रज्ञ तमाश विचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक अगदी साधं गणिती प्रारूप मांडलं. त्याचा नियम एकच : प्रत्येक कणाने आजूबाजूचे कण सरासरी कुठल्या दिशेने जातायत ते बघायचं आणि आपली दिशा तशीच करायची. गर्दी विरळ असली की सगळे वाट्टेल तिकडे फिरतात. गर्दी एका मर्यादेपलीकडे दाट झाली की अचानक सगळे एका दिशेने निघतात.

हे उत्तर टोळांना लागू पडतं का, हे २००६ मध्ये तपासलं गेलं. गोल रिंगणात कमी-जास्त संख्येने पिल्लं सोडून त्यांचं चालणं नोंदवण्यात आलं. संख्या कमी असताना गोंधळ, संख्या वाढली की शिस्त, असंच चित्र दिसलं. तेही ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झालं. तेव्हापासून ‘टोळ शेजाऱ्याची दिशा बघून आपली दिशा ठरवतात’ हे जवळपास पाठ्यपुस्तकी उत्तर झालं.

टोळ हे कसं करत असावेत, याचंही स्पष्टीकरण तयार होतं. डोळ्यांसमोरचं दृश्य एका बाजूला सरकू लागलं की अनेक प्राणी आपोआप त्या बाजूला वळतात. याला ‘ऑप्टोमोटर’ प्रतिसाद म्हणतात. शेजारचे टोळ पुढे सरकतात, ते डोळ्यांना दिसतं, म्हणून टोळही तिकडेच वळतो, असं मानलं गेलं.

यात एक गोष्ट राहून गेली होती. गर्दीची शिस्त दिसली होती, पण ती शिस्त नेमक्या याच नियमाने येते, हे कुणी एकेका टोळाच्या पातळीवर तपासलं नव्हतं.

मग व्हीआर कशाला लागलं?

समजा, जत्रेत हजारो माणसं एका दिशेने चाललीयत. त्यातला एखादा माणूस तिकडेच का जातोय? शेजारी जातोय म्हणून? पुढची पाठ दिसतेय तिच्या मागे म्हणून? की मागून रेटा आहे म्हणून? वरून कितीही चित्रीकरण केलं तरी हे कळत नाही, कारण सगळी कारणं एकाच वेळी घडत असतात. शिवाय माणूस गर्दीकडे बघून वागतो आणि गर्दीही त्याच्याकडे बघून वागते. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सुटं करता येत नाही.

टोळांचंही तसंच आहे. खऱ्या टोळांना ‘तू जरा डावीकडे चाल, तू सरळ जा’ असं सांगता येत नाही. खोट्या टोळांना मात्र सांगता येतं. त्यांची संख्या, वेग, दिशा, अंतर यांपैकी फक्त एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि खरा टोळ काय करतो ते बघायचं. व्हीआरची संशोधनातली खरी किंमत इथे आहे. एरवी एकत्र गुंतलेली कारणं त्यामुळे एकेक करून तपासता येतात.

टोळाला आभासी जग दाखवतात कसं?

टोळाच्या डोळ्यांवर चष्मा चढवावा लागत नाही. त्याला मोकळं सोडतात आणि त्याच्याभोवतीच्या पृष्ठभागावर प्रोजेक्टरने चित्र टाकतात. कॅमेरे त्याची जागा सतत टिपत असतात. टोळ जरा जरी सरकला तरी संगणक हिशेब करून चित्र नव्याने काढतो. जवळची वस्तू झपकन मागे जाते, लांबची हळू सरकते. धावत्या एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेचं झाड आणि लांबचा डोंगर दिसतो तसंच. त्यामुळे सपाट पडद्यावरचं चित्रही टोळाला खोली असलेलं जग वाटतं.

हे ऐकायला सोपं असलं तरी करायला किचकट आहे. माणसाला सेकंदाला २४ चित्रं दाखवली की सिनेमा सलग वाटतो. कीटकांचे डोळे वेगळे. काही माशांना सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा लुकलुकणारा प्रकाशही लुकलुकतानाच दिसतो. म्हणजे आपल्याला सुरेख वाटणारा पडदा त्यांच्यासाठी लकलकणारा दिवा असू शकतो. प्रत्येक प्राण्यासाठी आभासी जग त्याच्या डोळ्यांच्या मापाने बेतावं लागतं.

मासे, माश्या आणि उंदीर यांना अशा मोकळ्या आभासी जगात सोडण्याची पद्धत २०१७ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये मांडण्यात आली होती. तीच वाट पुढे नेत जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेच्या प्राणी-वर्तन विभागातल्या गटाने टोळांसाठी प्रयोग उभा केला. सेर्जान सायिन, आइनात कूझिन-फुक्स आणि इयन कूझिन ही त्यातली प्रमुख नावं. यातले इयन कूझिन २००६ च्या त्या जुन्या अभ्यासाच्या लेखकांपैकीही एक आहेत. म्हणजे ज्या निष्कर्षाला त्यांनी बळ दिलं होतं, तोच त्यांनी पुन्हा तपासायला घेतला.

प्रयोगात काय दिसलं?

सगळ्यात बोलका प्रयोग असा होता. खऱ्या टोळाच्या डाव्या बाजूला एक आभासी धाड, उजव्या बाजूला दुसरी. दोन्ही एकाच दिशेने चाललेल्या. जुना नियम खरा असता तर मधला टोळही त्याच दिशेने चालू लागला असता.

तसं झालं नाही. टोळ वळला आणि दोनपैकी एका धाडीकडे निघाला.

जत्रेच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही बाजूंना माणसांचे लोंढे देवळाकडे चाललेत आणि मधला माणूस देवळाकडे न जाता वळून एका लोंढ्याच्या दिशेने जातो. शेजारी कुठे चाललाय, यापेक्षा शेजारी कुठे आहे, याला टोळ महत्त्व देतो.

सरकत्या ठिपक्यांसमोर मात्र टोळ ठरल्याप्रमाणे वळले. म्हणजे ऑप्टोमोटर प्रतिसाद त्यांच्यात आहे, पण सोबत्यांच्या मागे जाताना तो कामाला येत नाही. शिवाय नुसती दाटी वाढल्याने शिस्त येते, हेही टिकलं नाही. टोळाला डोळ्यांनी मिळणारी माहिती किती सुसंगत आहे, यावर बरंच अवलंबून असल्याचं दिसलं.

मग नवं स्पष्टीकरण काय? संशोधकांच्या मते टोळाच्या मेंदूत प्रत्येक दिसणाऱ्या सोबत्याची दिशा नोंदवली जाते. या नोंदी एकमेकींशी स्पर्धा करतात, जवळच्या दिशा एकमेकींना बळ देतात आणि शेवटी एक दिशा जिंकते. टोळ तिकडे निघतो. लाखो टोळ असंच करत राहिले की त्यातून चालत्या फौजेची शिस्त तयार होते. म्हणजे टोळ हा ढकलला जाणारा कण नसून निर्णय घेणारा जीव आहे. मेंदू छोटा असला तरी निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

याचा शेतकऱ्याला उपयोग काय?

लगेच काही नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. हा अभ्यास चालणाऱ्या पिल्लांचा आहे. विदर्भात आलेल्या उडत्या धाडीच्या वाटेवर वाऱ्याचा मोठा प्रभाव असतो. त्यामुळे या एका अभ्यासावरून ‘आता टोळधाडीचा अंदाज येणार’ असं म्हणणं घाईचं ठरेल.

पण पाया बदलला की वरचं गणितही बदलतं. पिल्लांची फौज कुठे वळेल, हे सांगणारी संगणकीय प्रारूपं जर ‘शेजाऱ्याची दिशा धरा’ या नियमावर उभी असतील, तर ती चुकीच्या जागी औषध फवारायला सांगू शकतात. भारतात टोळांवर लक्ष ठेवण्याचं काम १९३९ मध्ये स्थापन झालेली टोळ चेतावणी संघटना करते. तिचं मुख्य कार्यक्षेत्र राजस्थान आणि गुजरातचा कोरडा पट्टा. अशा यंत्रणांसाठी एक दिवस आधी मिळालेला नेमका अंदाज म्हणजे कमी कीटकनाशक आणि वाचलेलं पीक.

या अभ्यासाची आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. निष्कर्ष फक्त व्हीआरवर उभा नाही. केनियातली निरीक्षणं, प्रयोगशाळेतले साधे प्रयोग आणि व्हीआर अशा तिन्ही ठिकाणांहून आलेले पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले गेले. हे का गरजेचं आहे, ते उंदरांवरच्या प्रयोगांतून कळतं.

उंदरांना व्हीआर का दाखवतात?

प्राणी फिरत असताना त्याच्या मेंदूतल्या एकेका पेशीत काय चालतं, हे मेंदूविज्ञानाला बघायचं असतं. अडचण अशी की त्यासाठी लागणारी नाजूक उपकरणं हलत्या डोक्यावर टिकत नाहीत. डोकं स्थिर हवं आणि प्राणी तर फिरायला हवा.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात ख्रिस्तोफर हार्वी, डेव्हिड टँक आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या एका गोळ्यावर उंदीर ठेवायचा. त्याचं डोकं धरून ठेवायचं, पाय मात्र मोकळे. उंदीर धावला की गोळा फिरतो आणि समोरच्या पडद्यावरचा बोगदा पुढे सरकतो. उंदीर जागच्या जागी असतो, पण त्याच्या लेखी तो बोगद्यातून धावतो. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासात फिरणाऱ्या उंदराच्या ‘प्लेस सेल’च्या आतल्या विद्युत हालचाली टिपल्या गेल्या.

प्लेस सेल म्हणजे स्थान ओळखणाऱ्या पेशी. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्या असतात. प्राणी एका ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी होते, जणू मेंदूत नकाशा आहे आणि ‘तू इथे आहेस’ असा दिवा लागतो. या शोधासाठी जॉन ओकीफ यांना मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासोबत २०१४ चं नोबेल मिळालं. अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच ज्या भागांना इजा होते, त्यांत हिप्पोकॅम्पस येतो. त्यामुळे हे संशोधन घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या रस्ता चुकण्याशी थेट जोडलेलं आहे.

आभासी जगात मेंदू खरंच फसतो का?

इथे मोठा धक्का दिला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या, म्हणजे यूसीएलएमधल्या, मयंक मेहता यांच्या गटाने. भारतीय वंशाचे मेहता मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने मोठ्या उंदरांसाठी चारही बाजूंनी वेढणारं आभासी जग तयार केलं. त्यात उंदीर अगदी सहज वावरत होते. बाहेरून बघणाऱ्याला काही वेगळं वाटलं नसतं.

मेंदूच्या आत मात्र वेगळंच चित्र होतं. खऱ्या खोलीत जागृत असणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींपैकी सुमारे ६० टक्के पेशी आभासी जगात गप्प झाल्या. ज्या चालू होत्या, त्यांतल्या बहुतेक पेशी जागेशी मेळ न ठेवता चमकत होत्या. उंदीर कुठे आहे हे त्यांना माहीतच नसावं, असा त्यांचा कारभार होता. हे निष्कर्ष २०१४ मध्ये जाहीर झाले.

असं का झालं असावं? खऱ्या खोलीत डोळ्यांसोबत वास, आवाज, मिशांना होणारा स्पर्श, वळताना कानाच्या आतल्या भागाला जाणवणारा हिसका, अशा अनेक खुणा असतात. आभासी जगात डोळे म्हणतात ‘आपण वळलो’, शरीराचे बाकीचे भाग मात्र त्याला दुजोरा देत नाहीत. माणसांना हेडसेट लावल्यावर मळमळ होते, तिच्यामागेही असाच विसंवाद असल्याचं मानलं जातं.

२०२१ मध्ये याच गटाने उलट बाजूही दाखवली. आभासी जगात उंदरांच्या मेंदूतली ‘थीटा’ नावाची लय, जिचा शिकण्याशी आणि स्मृतीशी संबंध आहे, उलट जास्त ठळक झाली. म्हणजे व्हीआर मेंदूला केवळ कमी माहिती देतं असं नाही, ते मेंदूची चालच बदलू शकतं. यातून उद्या उपचाराची वाट निघू शकते. पण व्हीआरमध्ये मोजलेली गोष्ट खऱ्या जगातही तशीच असेल, असं धरून चालता येत नाही.

यावर उपाय निघतोय का?

एक प्रयत्न म्हणजे आभासी जग अधिक खरं करणं. मोठ्या पडद्यांच्या जुन्या पद्धतीत उंदराला प्रयोगशाळेतली टेबलं, तारा, पडद्याच्या कडाही दिसत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांच्या डोळ्यांजवळ बसणारे छोटे चष्मे तयार केले. वरून झेपावणारी काळी सावली दाखवली, तशी उंदरांनी धूम ठोकली किंवा ते जागीच थिजले. घार झेपावल्यावर शेतातला उंदीर असंच करतो.

२०२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने असाच चष्मा स्मार्टवॉचचे छोटे पडदे, लहान भिंगं आणि रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक वापरून बनवला. महागड्या यंत्रणेशिवाय, बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून व्हीआर उभं राहू शकतं, हे त्याने दाखवलं. छोट्या प्रयोगशाळांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा प्रयत्न डोळ्यांपलीकडे जाण्याचा आहे आणि त्यात बंगळुरूचं नाव येतं. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, शॅनन ओल्सन यांच्या गटाने कीटकांसाठी आभासी जग तयार केलं. त्यात झाडं, गवत आणि आकाश तर होतंच, शिवाय वारा आणि वासही होता. सफरचंदावर जगणाऱ्या एका माशीला त्यात ‘उडवून’ ती लांबचं झाड कसं हेरते, हे तपासण्यात आलं. २०२० मध्ये हा अभ्यास ‘पीएनएएस’मध्ये प्रसिद्ध झाला. काही मिलिमीटरची माशी मोकळ्या रानात कुठे जाते, याचा पाठलाग करणं जवळपास अशक्य. इथे ती जागेवरच राहते आणि रान तिच्याभोवती फिरतं.

टोळांच्या बाबतीतही स्पर्श आणि वास हा प्रश्न उरतोच. एकलकोंडा टोळ ‘गर्दीतला’ होतो तो स्पर्शामुळे, हे वर आलंच आहे. टोळाच्या दुसऱ्या एका जातीत त्यांना एकत्र ओढणारा गंध-रेणू २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ओळखला होता. फक्त डोळ्यांना फसवणारं व्हीआर ‘टोळ चालताना दिशा कशी निवडतात’ याचं उत्तर देऊ शकतं. ‘टोळधाड मुळात का जमते’ याचं पूर्ण उत्तर त्यातून मिळणार नाही.

माणसांवरही असे प्रयोग होतात का?

होतात. काही प्रयोग तर खऱ्या जगात करताच येत नाहीत. १९६० च्या दशकात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी अमेरिकेत एक वादग्रस्त प्रयोग केला होता. अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून सामान्य माणूस दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला तयार होतो का, हे त्यांनी पाहिलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत होते. सहभागी लोकांवर आलेल्या मानसिक ताणामुळे असा प्रयोग तसाच पुन्हा करणं नीतिमत्तेच्या नियमांत बसत नाही.

२००६ मध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी तो व्हीआरमध्ये केला. ३४ सहभागींसमोर एक आभासी बाई होती. ती खरी नाही, झटके खरे नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही ज्यांना ती दिसत आणि ऐकू येत होती, त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेच्या नोंदी ताण दाखवत होत्या. ‘हे खोटं आहे’ हे डोक्याला कळतं, पण शरीर ते पूर्णपणे मानत नाही. याच फटीमुळे भीती, गर्दी, आग यांसारख्या प्रसंगांतलं माणसाचं वागणं कुणाला इजा न होता अभ्यासता येतं. त्याच फटीमुळे अशा प्रयोगांनाही संमती आणि काळजीचे नियम लागतात.

आणखी कुठे वापर होतो?

वरचे प्रयोग व्हीआरने प्राण्याला किंवा माणसाला जग दाखवण्याचे होते. दुसरा प्रकार म्हणजे शास्त्रज्ञाने स्वतः हेडसेट लावून आपली माहिती आतून बघणं.

ब्रिस्टल विद्यापीठात डेव्हिड ग्लोवाकी यांच्या गटाने रेणू ‘हाताने’ हलवण्याची सोय केली. कार्बनच्या बारीक नळीतून मिथेनचा रेणू ओवणं किंवा प्रथिनाच्या साखळीला गाठ मारणं अशी कामं लोकांना दिली. माऊस आणि पडद्यापेक्षा व्हीआरमध्ये ती लवकर झाल्याचं २०१८ मध्ये दिसलं. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसतो, हे समजून घ्यायला याचा उपयोग होतो.

नासाने मायक्रोसॉफ्टसोबत ‘ऑनसाइट’ हे सॉफ्टवेअर केलं. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीने पाठवलेल्या छायाचित्रांतून त्यात मंगळाची जमीन उभी केली जाते. वेगवेगळ्या शहरांतले भूवैज्ञानिक तिच्यावर ‘एकत्र फिरून’ पुढे कुठल्या खडकाकडे जायचं याची चर्चा करू शकतात.

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे एआर, यात खऱ्या दृश्यावरच माहितीचा थर चढवला जातो. गूगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असा एक सूक्ष्मदर्शक मांडला. डॉक्टर नेहमीप्रमाणे भिंगातून काचपट्टी बघतो आणि संगणकाला जिथे कर्करोगाच्या पेशी असाव्यात असं वाटतं, तिथे त्याच दृश्यावर रेघ उमटते. शेवटचा निर्णय डॉक्टरचाच.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण उपकरणांची. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्या ते प्रामुख्याने ग्राहकांसाठी आणि उद्योगांसाठी बनवतात. धंदा जमला नाही की उत्पादन बंद. ‘ऑनसाइट’ ज्या होलोलेन्स चष्म्यांसाठी बनलं, त्यातल्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं. सॉफ्टवेअरचा आधार २०२७ अखेरपर्यंत देऊ, असं कंपनीने सांगितलं आहे. गूगलचा डेड्रीम हेडसेटही असाच बंद झाला. विज्ञानात एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता यावा लागतो. यंत्रच बाजारातून गेलं तर दहा वर्षांनी तो प्रयोग तपासायचा कसा? स्मार्टवॉचच्या पडद्यांपासून चष्मा बनवून त्याची कृती सगळ्यांसाठी खुली करण्याचं महत्त्व इथे कळतं.

दुसरी अडचण अर्थ लावण्याची. व्हीआरमध्ये प्राणी किंवा माणूस अमुक वागला, म्हणजे खऱ्या जगातही तसाच वागेल, ही उडी सोपी वाटते. यूसीएलएच्या उंदरांनी ती किती धोक्याची आहे हे दाखवलं. बाहेरून वागणं सारखं असूनही आत मेंदू वेगळं काम करत होता.

म्हणून ‘व्हीआरमध्ये सिद्ध झालं’ अशी बातमी वाचताना तीन गोष्टी बघाव्यात. आभासी जगात कुठल्या संवेदना होत्या आणि कुठल्या वगळल्या होत्या? ज्याच्यावर प्रयोग झाला, त्याच्या डोळ्यांना आणि शरीराला ते जग साजेसं होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तोच निष्कर्ष खऱ्या जगात कुणी पडताळला का?

टोळांच्या अभ्यासात हा तिसरा टप्पा आधीच होता, कारण प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी शास्त्रज्ञ केनियाच्या रानात जाऊन आले होते. आता पुढची कसोटी पुन्हा रानातच लागेल. पुढच्या वेळी पिल्लांची फौज चालू लागेल तेव्हा नव्या नियमावर केलेला अंदाज जुन्यापेक्षा नेमका ठरतो का, ते तिथेच कळेल.